बिस्किटाच्या डब्यातल्या सुया

म्हशीचं थान सुजलं तेव्हा मी सगळ्यात आधी सुई देणाऱ्यावर संशय घेतला.

तो शेजारच्या गावचा. डॉक्टर नव्हे, कधीकाळी जनावरांच्या दवाखान्यात हाताखाली राहिलेला. मोटरसायकलला पिशवी अडकवून फिरायचा, फोन केला की तासाभरात गोठ्यात हजर. आमच्या म्हशीला त्याने लागोपाठ तीन दिवस सुई दिली. तरी मागचं डावं थान कडकच. पिळलं तर दुधाऐवजी पिवळट पाणी आणि गाठी.

आजवर सुई दिली की म्हैस दुसऱ्या दिवशी चाऱ्याला तोंड लावायची. मग यंदाच काय झालं? मी उकिरड्यावरून रिकाम्या बाटल्या उचलून आणल्या, धुतल्या, चष्मा लावून तारखा वाचल्या. तारखा बरोबर होत्या. तरी वाटलं, बाटली खरी असेल आणि आत पाणी.

चौथ्या दिवशी तो आला तेव्हा मी विचारलंच, "भाऊ, दवाई असली हाय ना?"

"असलीच हाय, वहिनी. पण हे म्हैस पहिलेच लय सुया खाऊन बसली, असं वाटते मले."

"कोणं देल्ल्या? तुमीच त देता."

त्याने कुटार, म्हणजे म्हशीचा भुसा, चाळत बसलेल्या माझ्या सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी मान वर केली नाही. तो काही न बोलता गाडीला किक मारून निघून गेला. त्याचं गप्प बसणं मी कबुली समजले. केनवडच्या बाजारात चारचौघींजवळ बोलून गेले, की ह्याच्या सुया पाण्याच्या असतात. आठवड्याभरात त्याची गाडी आमच्या गल्लीत दिसेनाशी झाली.

मग मी तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातून डॉक्टरीणबाईंना बोलावलं. तरुण होत्या. त्यांनी थान स्पिरिटने पुसलं, पहिल्या धारा टाकून दिल्या, थोडं दूध बाटलीत घेऊन तपासणीला पाठवलं. काही दिवसांनी कागद आला, तो घ्यायला मी दवाखान्यात गेले. त्यावर औषधांची नावं ओळीने, आणि जवळपास प्रत्येकापुढे एकच अक्षर.

"ही औषधं आता या जंतूंवर चालत नाहीत," त्या म्हणाल्या. "दोनच उरलीत. अर्धवट सुया देत राहिलं की जंतू औषधाला सरावतात. आधी किती सुया दिल्या होत्या?"

"तीन."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्या सुईवाल्याकडे पाहिलं होतं.

ते मला लागलं. घरी येऊन मी गोठा धुंडाळला. कुटाराच्या पोत्यामागे बिस्किटाचा पत्र्याचा डबा सापडला. आत अर्ध्या-अर्ध्या बाटल्या आणि दोन जुन्या सिरिंजा. डबा मी सासऱ्यांपुढे ठेवला.

"हे काय, मामाजी?"

"तू माह्या सामानात काहून हात घातला?"

मी बाटल्या एकेक करून त्यांच्यापुढे मांडल्या. मग तेच म्हणाले, "दोन सुया मारल्या का म्हैस चारा खाये. मंग उरलेली दवाई कायले फेकाची? पुढच्या खेपेले कामी येते."

हे किती वर्षं चाललं होतं ते त्यांनाही धड सांगता येईना. म्हैस सुस्त दिसली, सुई. वगार, म्हणजे तिचं पिल्लू, हगली, सुई. आणि बरं वाटलं की लगेच बंद. बोलताना त्यांच्या अंगठ्याला बांधलेली चिंधी मला दिसली. धार काढायचे ते. अंगठ्याची चीर दोन महिन्यांपासून वाहत होती. त्यांना वाशिमच्या दवाखान्यात नेऊन पू तपासला, तर नेहमीच्या गोळ्या त्यावरही चालणार नाहीत असं निघालं. म्हशीचं अंगठ्याला लागलं का, की अंगठ्याचं म्हशीला? मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, खात्रीने सांगता येणार नाही.

त्यानंतर मला घरातल्या प्रत्येक पेल्याचा संशय येऊ लागला. दूध दोनदोनदा उकळायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उकळून जंतू मरतील, पण सुईचं औषध दुधात उतरलं असेल तर ते सगळं जात नाही. सुया चालू असतानाही आम्ही दोन घरी दूध घातलं होतं. मी दोन्हीकडे जाऊन तसं सांगितलं. एका घराने दूध बंद केलं. त्यांचं चुकलं असं म्हणता येत नाही.

म्हैस उठली, पण ते थान कायमचं गेलं. सासऱ्यांना मी समोर बसून शेवटची गोळी संपेपर्यंत औषध दिलं. अंगठा भरला.

मग मी त्या सुईवाल्याच्या घरी गेले. माझं चुकलं म्हणाले.

"मीच दाखोलं होतं तुमच्या मामाजीले सुई कशी माराची ते," तो म्हणाला. "मले येनं जमत नसे तवा त्याइनं मारावी म्हनून. मंग तुमच्यासमोर त्याइचं नाव कसं घेऊ?"

आता मी बाजारात सांगते, सुया खऱ्या होत्या, चूक आमच्याच घरातली होती. बाया ऐकून घेतात, एकमेकींकडे बघतात. परवा एकीने विचारलं, "काहून, आता फुकट सुया देऊन राह्यला का तो तुमच्या म्हशीले?"