लतिका धुरूची पोच

परळच्या एका विमा कंपनीत लतिका धुरूला बावीस वर्षं झाली, आणि बावीस वर्षांत तिने एकच काम केलं. फोन उचलायचा आणि ज्याचा त्याला जोडून द्यायचा. लतिका जन्मापासून पूर्ण अंध. अंध माणूस म्हणजे टेलिफोन ऑपरेटर, हे गणित तेव्हा तयारच होतं. तिला काय आवडतं हे विचारायची पद्धत नव्हती, आजही फारशी नाही. पुढे सगळ्यांच्या खिशात मोबाईल आले आणि लतिकाचा फोन मुका झाला. दिवसाला सहा कॉल, त्यातले दोन राँग नंबर. बसून पगार मिळतो म्हणून तिचा हेवा करणारेही ऑफिसात होते. त्यांनी एकदा आठ तास मुक्या फोनसमोर बसून दाखवावं.

म्हणून तक्रार विभागातली जागा रिकामी झाली तेव्हा लतिकाने अर्ज केला. ग्राहकांच्या तक्रारी ईमेलने येतात, बहुतेक मराठीत. त्या वाचायच्या, नोंदवायच्या, उत्तर टाइप करायचं. प्रभादेवीला घरी ती बारा वर्षं कॉम्प्युटर वापरत होती. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम असतो, त्याला स्क्रीन रीडर म्हणतात. तो चालू असला की तिला पडद्याची गरजच नसते.

अर्ज गेला उपव्यवस्थापक शंतनु वर्टी यांच्याकडे. लतिकापेक्षा वयाने दहा वर्षांनी लहान आणि स्वभावाने अतिशय गोड. गोड माणसाचा नकार ओळखायलाच महिना जातो.

"मॅडम, माझी काहीच हरकत नाही," शंतनु म्हणाला. "पण तुम्हाला वाचून दाखवायला कोणीतरी लागणार ना? तेवढा स्टाफ कुठून आणू?"

"कोणी नको, सर. एकदाही नको."

ताठ मानेने शब्द दिला खरा, पण पुढे तोच तिच्या गळ्याशी आला.

शंतनुने समिती नेमली. विषय : दोन स्क्रीन रीडरचा तौलनिक अभ्यास. एक विकतचा, एक फुकटचा. समितीत तीन माणसं, तिन्ही डोळस. मॉनिटर चालू, माऊस हातात, समोर बटाटेवडे, असा तो अभ्यास झाला. विकतच्याचा आवाज रेडिओवरच्या निवेदिकेसारखा, म्हणून त्याला दहापैकी नऊ. फुकटचा नाकात बोलतो, म्हणून तीन. तो नेमकं काय वाचतोय ते कोणी ऐकलंच नाही, कारण सगळ्यांनी ते पडद्यावर आधीच वाचलेलं होतं.

तिसऱ्या बैठकीला लतिकाला बोलवायची बुद्धी झाली ती गॅविनला. गॅविन परेरा कॉम्प्युटर विभागात, राहायला दादरला, आणि गेली अठरा वर्षं लतिकाच्या डब्यातल्या भाजीचा अर्धा मालक.

"गॅविन, मॉनिटर बंद कर," लतिका म्हणाली. "आता सर, एक तक्रार उघडा आणि उत्तर पाठवा."

शंतनु खुर्चीत सरसावून बसला. "बटण," विकतचा गोड आवाजात म्हणाला. "बटण. नाव नसलेलं बटण." पाच मिनिटांनी सरांनी ती तक्रारच पुसून टाकली. मग लतिका बसली. तिने फुकटचा तिच्या नेहमीच्या वेगावर लावला, तेव्हा एका सदस्याने विचारलं, "मशीन बिघडलं की काय?" तेवढ्यात तिचं उत्तर लिहून झालंसुद्धा. समितीने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांचा तिला मनस्वी संताप आला. रोजचं काम केलं म्हणून इतर कोणासाठी टाळ्या वाजवतात का?

अहवाल लिहायचं काम अर्थातच तिच्या अंगावर आलं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ही म्हण ज्याने काढली तो नक्की कुठल्या तरी समितीवर असणार. लतिकाने चार पानं लिहिली. विकतचा इंग्रजीत सरस, कंपनीच्या जुन्या सॉफ्टवेअरशी त्याचं चांगलं जमतं, पण मराठी जोडाक्षर आलं की अडखळतो. फुकटच्याचा आवाज कर्कश, पण तिप्पट वेगातही अक्षर न् अक्षर सुटं. तक्रारी मराठीत, तेव्हा फुकटचा घ्यावा.

"पण मॅडम, फुकटचं बिघडलं तर कोणाला जबाबदार धरायचं?" शंतनुने काळजीने विचारलं. जी कंपनी चहाबरोबर बिस्किट द्यायला खळखळ करते, तिला फुकटचं मात्र चालेना.

महिन्याने आदेश निघाला. आता या कंपनीचा एक रिवाज आहे. सही-शिक्क्याशिवाय इथे कुठलाच कागद खरा नसतो. म्हणून मजकूर टाइप करायचा, छापायचा, त्यावर सही, सहीवर गोल शिक्का, आणि मग त्याचा स्कॅन काढून ईमेल करायचा. म्हणजे अक्षरांचा फोटो. डोळ्यांना फरक कळत नाही, स्क्रीन रीडरला मात्र अक्षरच सापडत नाही.

लतिकाने आदेश उघडला. "रिकामं," फुकटचा म्हणाला. तिने चाचणीपुरता आणलेला विकतचा लावला. "रिकामं," त्याने तेच मंजुळ आवाजात सांगितलं. फोटोतून अक्षरं काढायची सोय वापरली, पण पान तिरकं आणि ऐन मजकुरावर शिक्का. हाती लागलं ते 'श्रीम', 'खव' आणि तारीख.

कुठल्याही आदेशाची लेखी पोच सात दिवसांत इनवर्डच्या, म्हणजे आवक कागदांच्या खिडकीवर दिली नाही, तर आदेश आपोआप रद्द, हाही इथला रिवाज. आणि जागा मिळाली की गेली, हेच तिला कळत नव्हतं, मग न वाचलेल्याची पोच द्यायची कशी? तिने शंतनुला ईमेल केला : आदेशाची टाइप केलेली प्रत पाठवावी. उत्तर तत्परतेने आलं. 'सॉरी मॅडम, नीट दिसत नसेल. रंगीत स्कॅन पाठवतो आहे.' तिने पुन्हा लिहिलं. या वेळी त्याने अक्षरं दुप्पट मोठी करून पाठवली.

त्या दिवशी लतिकाला रडू आलं. दुःखाचं नव्हे, रागाचं.

"अगं, मी वाचतो ना," सहाव्या दिवशी डबा खाताना गॅविन म्हणाला. "अर्ध्या मिनिटाचं काम. कोणाला कळतंय?"

"मला कळेल ना रे. एकदाही नको म्हटलंय मी."

"तुझा हा इगो ना, एक दिवस तुझी वाट लावणार."

सातव्या दिवशी तिने घरून शाळेतली ब्रेलची पाटी आणि टोचणी आणली. जाड पांढऱ्या कागदावर ठिपके टोचून पोच लिहिली, आणि इनवर्डच्या खिडकीवर दिली. तिथल्या माणसाने कागद न बघताच शिक्का मारला. तिथे कागद बघतात कधी? मग त्याने रिवाजाप्रमाणे स्कॅन काढला आणि सरांना पाठवून दिला.

तासाभराने शंतनु इनवर्डवरून मूळ कागद घेऊन तिच्या टेबलाशी आला. मागे गॅविनही आला, मजा बघायला.

"मॅडम, हे काय? यावर काहीच लिहिलेलं नाही."

"लिहिलंय, सर. 'आदेश मिळाला. वाचता आला नाही.' खाली माझी सही आहे."

"पण मला तर कोरा कागद दिसतोय."

"नीट दिसत नसेल," लतिका म्हणाली. "रंगीत पाठवू का?"

शंतनु दुष्ट नव्हता, फक्त डोळस होता. त्याने कागदावरून बोट फिरवलं, आणि ते खरखरलेलं लतिकाला ऐकू आलं. कागदावर शिक्का होता आणि तारीख सातव्या दिवसाची होती. या कंपनीत पोचीला याहून जास्त काही लागत नाही. तो तिथेच शेजारच्या खुर्चीत बसला आणि त्याने आदेशाच्या सहा ओळी स्वतः टाइप करून पाठवल्या.

फुकटच्याने नाकातल्या नाकात, घोड्यावर बसल्यागत त्या वाचल्या. लतिकाने एकदा ऐकल्या, मग पुन्हा ऐकल्या.

"काय बोलला तो?" गॅविनला राहवेना. "मला तर घंटा कळलं नाय."

"थांब," लतिका म्हणाली. "मी वाचून दाखवते."

सोमवारपासून श्रीमती लतिका धुरू तक्रार विभागात. आणि त्यांनी सादर केलेला अहवाल अत्यंत उपयुक्त असल्याने, त्यानुसार विकतच्याच्या खरेदीला मंजुरी.