पुलापलीकडची खिडकी

आमच्या गावाहून पुसदला जायचं तर वाटेत नदीवरचा दगडी पूल लागतो. जुना, कमानींचा, आणि माझ्या मते अजून आपल्या सगळ्यांपेक्षा धडधाकट. पण कुण्या साहेबाला तो कमकुवत वाटला आणि माणसांनी भरलेली गाडी नेऊ नये अशी पाटी लागली. तेव्हापासून बस अलीकडे थांबते, प्रवासी उतरून चालत पूल ओलांडतात, मागून रिकामी बस येते आणि सगळे पुन्हा चढतात.

चढतात कसले, तुटून पडतात. अलीकडची जागा पलीकडे चालत नाही, हा कायदा कोणी केला देव जाणे. चांगले पोक्त लोक पुलावरून पळत सुटतात आणि खिडकीतून दुपट्टा टाकून जागा धरतात. माझ्या आईचे गुडघे दुखतात. मी तिचा हात धरून पोचेस्तोवर तिची खिडकी गेलेली असते. खिडकी नसली की तिला बस लागते, मग पुसदला मावशीकडे ती दिवसभर आडवी. ज्या बहिणीशी बोलायला जायचं, तिच्याशी दोन शब्दही होत नाहीत. त्या दुपट्टेवाल्यांचा मला भयंकर राग यायचा.

गेल्या दिवाळीनंतर एकदा आई जागची उठलीच नाही. कंडक्टरनं समजावलं, दटावलं, शेवटी पूल पडला तर जबाबदार कोण म्हणून विचारलं.

"तू तं उतरून राह्यला ना," आई म्हणाली. "मंग तुले कायची फिकर?"

तेव्हा ड्रायव्हर मागं वळला. "माय, मी तं रोजच जातो यावरून. मले कोणी उतर म्हनत नाई."

गाडी काही आपोआप पलीकडे येत नव्हती, हे आजवर कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आईनं त्याच्याकडे नीट पाहिलं.

"मंग चाल बापा. एकट्यानं कायले जायचं?"

मीही बसून राहणार होतो. पण कंडक्टरनं माझा दंड धरला आणि मी, खरं सांगायचं तर, फार ओढाताण केली नाही.

गाडी सुखरूप पार झाली. त्या दिवशी मी सगळ्या दुपट्टेवाल्यांना मागं टाकून पळालो आणि पहिला चढलो. आई खिडकीशी बसून ड्रायव्हरला त्याच्या लेकरांबद्दल विचारत होती. मी शेजारी टेकणार, तोच तिनं तिथं पिशवी ठेवली.

"पूल पडला असता, तं तू काठावरून पाह्यत राह्यला असता काय?"

पुसदपर्यंत मी उभ्यानं गेलो. मावशीकडे आई संध्याकाळपर्यंत बोलत होती, आणि ते सगळं माझ्याबद्दलच होतं.