तिसऱ्या दारामागे

व्हर्लिन कोपेत्स्कीने जन्मभर शाळेची बस चालवली, तीही निम्मी नजर आरशात ठेवून. मागच्या बाकावर कुणीतरी काहीतरी शिजवतंय, हा संशय निवृत्तीनंतरही सुटला नाही. आता तो केनोशा शहरातल्या खेळांच्या दुकानात दर शनिवारी दुपारी एका बैठकीत संपणारी मोहीम खेळवायचा. गोष्ट त्याने सांगायची, बाकीच्यांनी आपापलं पात्र घेऊन तिच्यात घुसायचं, फासे टाकायचे आणि दुकान बंद व्हायच्या आत जगायचं नाहीतर मरायचं.

मोहीम निवडण्यात मात्र त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. खोल्या मोजक्या, खलनायक एकच, आणि शेवटच्या तासाआधी कुणाचं पात्र मारायचं नाही. ज्याचं मेलं त्या बिचाऱ्याने उरलेली दुपार काय चीजचे तुकडे चघळत बसायचं?

हल्ली खेळाडू रोडावले होते. चारपेक्षा कमी आले तर टेबल पत्तेवाल्या पोरांना देईन, असं मालकीणबाईंनी बजावलं होतं. त्या शनिवारी प्लंबर डेल आणि हॅगन नवरा-बायको, असे तिघेच. तेवढ्यात आर्डिस नावाची सत्तरीची एक नवी बाई आली आणि चौथी खुर्ची भरली. दुसऱ्या कुणाला हायसं वाटलं असतं. व्हर्लिनला वाटलं, ही बरी नेमकी आजच उगवली?

त्याने दिलेला पात्राचा कागद तिने न बघताच डेलकडे सरकवला. "वाच रे बाबा, मला काय काय येतं ते." फासा टाकला की, "किती पडले रे?" काय तो साळसूदपणा! मग गोष्टीतल्या तळघरात पहिल्या दाराला तिने कुणाला हात लावू दिला नाही. मागे विषारी धूर होता. दुसऱ्यालाही "नको, नको" म्हणाली. तिथे भाले होते. व्हर्लिनच्या मनात पाल चुकचुकली. मोहीम छापील, कुणीही विकत घेऊन वाचावी. बाई घरून घोकून आली होती!

"आणि तिसरं दार?" आर्डिसने विचारलं.

"साधं लाकडी. कडी लावलेली."

"मग मीच उघडते."

छापील मोहिमेत तिथे खजिना होता. व्हर्लिनने मनातल्या मनात खड्डा खणला. "सरळ खाली गेलात. मेलात तुम्ही."

"पहिल्याच तासात?" डेल ओरडला.

आर्डिसचा चेहरा उतरला. वाद नाही, राग नाही. ती खुर्चीच्या पाठीवरचा कोट चाचपू लागली. "निघते मी. हे आता माझ्याच्याने होणार नाही."

"व्हर्लिन, खरं सांग. खड्डा होता तिथे?"

डेलचा आवाज चढला होता. व्हर्लिनने मान खाली घातली. "नव्हता. मी घातला. यांनी आधीच सगळं वाचलंय."

"वाचलंय?" आर्डिस थबकली. "अरे, मला तुझं नाकसुद्धा धड दिसत नाही. वर्ष झालं, अक्षर म्हणून लागत नाही डोळ्यांना. मी ऐकते. धोक्याचं दार आलं की तू शब्द घोळवतोस, आवाज खाली आणतोस. तिसरं सरळ सांगितलंस." मग घाईने तिने विचारलं, "खड्डा नव्हताच ना? नक्की?"

"नव्हता."

ती मटकन खुर्चीत बसली आणि डोळे पुसत हसायलाच लागली. "बाई गं! मला वाटलं, आता कानही चालले."

तिने दोन शिव्या हासडल्या असत्या तर व्हर्लिनला बरं वाटलं असतं.