बाळाबाईला मरता येत नाही

आणे गावच्या पठारावर बाळाबाईला आता कुणी नावानं हाक मारत नाही. 'शहिदाची आई' म्हणतात. त्याआधी ती सोमाजी धनगराची बायको होती. दिवाळी झाली की सोमाजी मेंढरं घेऊन माळशेज उतरायचा, कोकणात हिंडायचा आणि पावसाच्या तोंडावर पठारावर परत यायचा. संसार घोड्याच्या पाठीवर. त्याच वाटेवर पुष्पा झाली, त्याच वाटेवर भैरवनाथ झाला. पुष्पा लहान असताना घाटात घोड्यावरून पडली. कमरेचं हाड नीट बसलं नाही, तेव्हापासून ती एका अंगाला झुकून चालते. भैरवनाथ दहावीला होता तेव्हा रस्त्याच्या कडेनं मेंढरं हाकताना सोमाजीला मागून ट्रकनं उडवलं. बाळाबाईनं थोडी मेंढरं ठेवून बाकीची विकली आणि पोराला म्हणाली, "तू ह्या वाटंला येऊ नगं."

तो आला नाही. पठारावर धावायचा सराव करून करून तो सैन्यात भरती झाला.

पुष्पा बाळाबाईनं आपल्या भावाच्या मुलाला, संपतला दिली होती. घरातल्या घरात दिली, म्हणजे लंगडी म्हणून कुणी हिणवणार नाही, हा तिचा हिशेब. संपत चाकणला कंपनीत लागला, तिथं त्यानं दुसरी बाई ठेवली आणि एका आखाडात पुष्पाला आईकडं सोडून गेला. "आठ दिसानं न्यायला येतो," म्हणाला. आला नाही. सोडचिठ्ठीही दिली नाही.

सुट्टीवर आला की भैरवनाथसाठी पाव्हणे यायचे. फौजेतला मुलगा, निर्व्यसनी, घरी दोन पक्क्या खोल्या. पण तो दर वेळी टाळायचा. एकदा बाळाबाई चिडली.

"तुझ्या बरूबरीच्यांची पोरं साळंत जायला लागली. माझ्या डोळ्यादेखत कर की."

"आये, उद्या मी बायको आणली आन तिचं न् पुष्पीचं न्हाई पटलं, तर पुष्पीनं जायाचं कुठं? मी तिकडं हजार कोसांवर. आधी हिचं कायतरी हक्काचं करू. गावात एखादं पिठाच्या गिरणीचं बघू. मग माझं."

पुष्पा पलीकडं मेंढराला पाला टाकत होती. तिनं ऐकलं, पण मान वर केली नाही.

गिरणी झाली नाही. अरुणाचलात सैन्याची गाडी दरीत गेली. गाडीत आपल्या भागातले दोघं होते. एक भैरवनाथ, आणि दुसरा आंबेगाव तालुक्यातला, महाळुंगे पडवळचा भिमाजी. दोघं एकाच वयाचे. भिमाजीचं लग्न झालेलं, समर्थ नावाचं पाळण्यातलं पोर. दोघांना एकाच विमानानं आणलं. दोघांच्या पेट्या सारख्या, झेंडे सारखे, हवेत झाडलेल्या गोळ्याही सारख्या. सकाळी आण्याला गर्दी झाली, दुपारी तीच पुढारी मंडळी महाळुंग्याला गेली. बाळाबाईच्या हातात घडी घातलेला झेंडा दिला. तिकडं तो भिमाजीच्या बायकोच्या, आरतीच्या हातात दिला.

त्यानंतर काही महिन्यांनी फरक कळला.

जानकू नावाचा एक निवृत्त हवालदार सैनिकांच्या घरच्यांची कामं बघायचा. माणूस चांगला. त्यानं बाळाबाईला आणि पुष्पाला खुर्चीवर बसवलं, चहा मागवला आणि मगच बोलायला लागला.

"मावशी, तुमचं पेन्शनीचं मंजूर झालंय. पण एक सांगतो, नंतर मनात नको. लग्न झालेला जवान गेला की बायकोला पुरं मिळतं. बिनलग्नाचा गेला की आईबापाला. पण आईबापाला निम्मं."

"निम्मं का?"

"नियम तसा आहे. लढाईत गेला असता तर हिशेब जरा वेगळा झाला असता. हा ड्युटीवरचा अपघात."

"न्हाई, पर निम्मं का? भिमाजी आन त्यो एकाच गाडीत व्हते ना?"

"होय."

"मग माझा पोरगा काय आर्धा मेला?"

जानकूनं चहाचा कप उगाच बशीत फिरवला. "सरकारचं म्हणणं असं, की बायकोपोरांचा सगळा भार त्याच्यावर असतो. आईबापाला दुसराही आधार असू शकतो."

"मला कोण हाये?"

मग बाळाबाईनं पुष्पाकडं बोट केलं. "माज्या मागारी हिला मिळंल का?"

"ताईंचं लग्न झालंय?"

"झालंय. पर त्यो नांदवत न्हाई."

"पण कागदावर नवरा आहे. आणि मावशी, खोटं कशाला सांगू, सोडचिठ्ठी झाली तरी थोरल्या बहिणीला नियमात बसवणं अवघड आहे. तुमच्यानंतर ते बंद होईल असंच धरून चाला."

उठताना बाळाबाई म्हणाली, "त्यानं लगीन केलं न्हाई म्हून कमी. हिनं केलंय म्हून न्हाईच. आमी वागायचं तरी कसं, राव?"

एकरकमी जे आलं होतं ते घराचं कर्ज फेडण्यात आणि पुष्पाच्या कमरेच्या ऑपरेशनात गेलं. ऑपरेशनानं दुखणं कमी झालं, चालणं सुधारलं नाही. डॉक्टर म्हणाले, हे लहानपणीच करायला हवं होतं.

प्रयागबाईची, म्हणजे भिमाजीच्या आईची गाठ पडली ती वर्षश्राद्धाच्या सुमारास. महाळुंग्यात भिमाजीच्या नावानं कमान उभी केली होती, त्या कार्यक्रमाला बाळाबाईलाही बोलावलं होतं. भाषणं संपल्यावर दोघी मांडवाच्या मागं जाऊन बसल्या. बाळाबाईच्या मनात होतं ते ओठांवर आलंच.

"तुमचं बरं झालं बया. पुरं मिळालं."

प्रयागबाई हसली, पण ते हसू बरं नव्हतं. "मला? मला काय मिळालं? सून तेराव्यानंतर नारायणगावला माहेरी गेली. नातू घेऊन. पेन्शन तिच्या नावावर, गेलेला माणूस माझा. आता बाजारातनं कोथिंबिरीची जुडी आणायची तर थोरल्या पोराच्या बायकूकडं हात पसरते. तुला निम्मं तरी हाय, तुझ्या नावचं. मला त्याच्या अंगावरच्या सदऱ्याचं बटान आलं न्हाई."

"नातवाला दावायला आणती का?"

"फोनवर दावती. पोरगं मला बघून रडतं. वळखत न्हाई."

बाळाबाईला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं बोललो. ती सावरायला गेली. "तिचंबी वय काय, बाई. बावीस-तेवीस. तिनं तरी इथं बसून काय करावं?"

"ती चुकली असं मी कुठं म्हणते?" प्रयागबाईचा आवाज चढला. "ती बरूबर हाय. सरकार बरूबर हाय. मग मी कुठं चुकले ते सांग. वाढवला मी, धाडला मी."

बाळाबाईनं तिचा हात धरला. तेवढ्यात माइकवरून कुणीतरी वीरमातांना फोटोसाठी बोलावलं. दोघींना पुढाऱ्याच्या दोन्ही बाजूला उभं केलं. पुढारी हळूच म्हणाला, "मावशी, तुमचं काम मी वर बोलतो." फोटो झाला. त्या कामाचं पुढं काही झालं नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात संपत आला. नवी मोटरसायकल, हातात आंब्यांची पिशवी. चार वर्षांनी आला होता. पडवीत बसून म्हणाला, "आत्या, झालं गेलं सोडा. पुष्पाला न्यायला आलोय."

पुष्पा आत गेली. बाळाबाईला दिसत होतं, की ती आरशासमोर उभी राहून केस विंचरतेय. मग तिनं चहाचं आधण ठेवलं. चांगलं, दुधाचं.

"आन ती चाकणची?" बाळाबाईनं विचारलं.

"ती गेली. आता तसलं काय न्हाई." मग तो घरभर बघून म्हणाला, "भैरूचं लई आलं असंल ना? पेपरात वाचलं व्हतं. पुष्पाच्या नावावर किती टाकलंय?"

"पुष्पाच्या नावावर काय न्हाई. त्यो बिनलग्नाचा गेला. माझ्या नावावर निम्मं, आन मी मेले की तेबी बंद."

"बंद म्हंजे?"

"बंद म्हंजे बंद."

संपतनं चपला पायात सरकवल्या. मग खिशातला मोबाईल काढून कानाला लावला. तो वाजलेला नव्हता. "बोल रे... आलो, आलो," म्हणत तो उठला, गाडीला किक मारली आणि घाटाच्या रस्त्याला लागला. पुष्पा चहाचा कप घेऊन दारात आली तेव्हा धूळही खाली बसली होती. मग तो चहा तिनं आईला दिला. आंबे तिनं मेंढरांपुढं टाकले.

त्या दिवसापासून पुष्पा कुणाशी फारसं बोलत नाही.

बाळाबाईला वर्षभरापासून दम लागतो. बेल्ह्याचा डॉक्टर म्हणतो, फुप्फुसं खराब आहेत, जन्मभर चुलीचा धूर आणि लोकरीची धूळ. पूर्वी ती म्हणायची, भैरू गेला, आता मला उचल रे देवा. आता तसं तोंडातून निघालं की ती स्वतःच्याच तोंडावर हात ठेवते. भूक नसताना जेवते. कडू औषध चव न घेता गिळते. पावसात बाहेर पडत नाही. दर वर्षी जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो, त्याला ती तालुक्याला जाते. तिथल्या मशीनवर तिचा अंगठा उमटत नाही. लोकर कातरून, दोऱ्या वळून रेघा पुसून गेल्यात. मग अंगठ्याऐवजी डोळा मशीनला लावतात. ती डोळा ताणून उघडा धरते, हलत नाही.

गेल्या माघात महाळुंग्याहून निरोप आला, की प्रयागबाई गेली. पंधरा दिवस अंथरुणाला होती. बाळाबाई दहाव्याला गेली. आरती आली होती, कोपऱ्यात बसून रडत होती, मनापासून. समर्थ आता बोलायला लागलाय. त्यानं बाळाबाईला विचारलं, "तू कोणाची आजी?"

परतताना एसटीत पुष्पा म्हणाली, "लई हाल झाले म्हातारीचे. सुटली."

बाळाबाई खिडकीतून बाहेर बघत होती. म्हणाली, "तिला सुटता आलं."

पुष्पाला त्याचा अर्थ कळला. आळेफाट्याला गाडी थांबली तेव्हा तिनं पिशवीतून गोळी आणि पाण्याची बाटली काढली, आईच्या हातात दिली, आणि आई गिळेपर्यंत तिच्या गळ्याकडं बघत बसली.