मावशींच्या पिशवीतले पोहे

मावशींच्या पिशवीत एकवेळ पासपोर्ट नसेल, पण पोहे असायचेच. लंडनमधल्या आमच्या क्रॉयडनच्या ट्रॅमने दोन स्टॉप जायचं असलं तरी पातळ पोह्यांची पुडी, सुकं खोबरं आणि स्टीलचा डबा बरोबर. त्या आमच्या शेजारी, मूळच्या मुंबईच्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू. काही अडलं की त्यांच्या प्रेषिताला, एलियाहू हन्नाबीला, मलिद्याचा नवस बोलायच्या, आणि सुटलं की पोहे भिजवून, साखर-खोबरं घालून तिथल्या तिथे नवस फेडायच्या. “आधी बोलायचं, मग धावायचं,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला ते ऐकून हसू यायचं.

आई गेल्यापासून बाबा फार विसरायला लागले होते. हवापालट म्हणून मी त्यांना अल्बेनियाला नेलं, सोबतीला मावशी. तिथे डोंगरांत जागोजागी जुने काँक्रीटचे बंकर दिसतात. मावशी प्रत्येकाकडे बघून म्हणायच्या, “यात पावसाळ्याची लाकडं छान राहतील.”

राजधानीत, तिरानात, संध्याकाळी अख्खं शहर नटूनथटून फिरायला निघतं. त्या गर्दीत मी आइस्क्रीम घ्यायला वळले आणि बाबा नाहीसे झाले. त्यांचा फोन हॉटेलात चार्जिंगला. मावशींनी डोळे मिटले. मी खेकसलेच, “मावशी, प्लीज! आत्ता प्रेयर नको, पोलिसांना कॉल करू या.”

“माझं बोलून झालं. तू कर कॉल, शोध. मी इथून हलत नाही. ते परत आले तर ओळखीचं कुणी दिसायला हवं ना!”

बाबा सापडले बागेत, डॉमिनो खेळणाऱ्या म्हाताऱ्यांमध्ये, समोर कॉफी. भाषेचा पत्ता नाही, पण रंगात आलेले. “ये गं,” म्हणाले, “हे लोक मला जिंकूच देत नाहीयेत.” मी सर्वांदेखत हमसून हमसून रडले. एका आजोबांनी उठून मला जागा दिली.

मी मावशींना बोलावून आणलं. त्यांनी बागेच्या नळावर पोहे भिजवले, कॉफीवाल्याकडून साखर मागून घेतली, प्रार्थना म्हटली आणि सगळ्यांच्या तळहातावर मलिदा ठेवला. म्हाताऱ्यांनी तो काही न विचारता खाल्ला. इतकं चविष्ट मी आजवर काही खाल्लेलं नाही.

गेल्या महिन्यात मावशी कायमच्या लेकीकडे टोरांटोला गेल्या, या वयात, एकट्या. त्यांना विमानतळावर सोडून मी गाडीत बसले आणि मनातल्या मनात बोलून टाकलं. मला देवाधर्मातलं काही कळत नाही, पण त्यांच्या हन्नाबीला मराठी कळतं एवढं ठाऊक होतं.

संध्याकाळी फोन आला, “पोचले गं! लेक समोर उभी आहे.”

मी पोहे भिजत घातले. सकाळचं जेवण न आठवणारे बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, “खोबरं जरा जास्त घाल. त्या बागेत कमी पडलं होतं.”