वेबमेल कोणी बंद केली?

सिंगापूरच्या सेम्बावांगमधली ती चौकशी मी अजूनही विसरलेलो नाही. खरं तर तेव्हा मी सेवेत नव्हतो. पोलीस निरीक्षक म्हणून पुण्यातून निवृत्त होऊन थोडेच महिने झाले होते आणि बेडोकला मुलीच्या फ्लॅटवर राहायला आलो होतो. अंगावर वर्दी नव्हती, आणि परक्या देशात मला कसला अधिकार? तरीही माझ्या लेखी ती केसच होती. नावं अर्थात कुणाचीच घेणार नाही.

जावयांचे एक मित्र होते. मूळचे मुंबईचे, आता सिंगापूरचे नागरिक, हौगांगला राहणारे. सेम्बावांगला त्यांचं जहाजांचे सुटे भाग पुरवणारं छोटं ऑफिस होतं. मोजकी माणसं आणि एका खोलीत कंपनीचा स्वतःचा सर्व्हर. सगळ्यांची मेल त्यावरच. घरून किंवा गोदीतून मेल बघायची असेल तर ब्राउझरमध्ये पत्ता टाकायचा, पासवर्ड द्यायचा, की ऑफिसची मेल समोर. यालाच वेबमेल म्हणतात, हे मला एका रविवारी कळलं.

त्या रविवारी ते आमच्याकडे जेवायला आले होते, पण ताटाकडे लक्ष नव्हतं.

"काका, आठवडा झाला, घरून माझी मेल उघडत नाही," ते म्हणाले. "आमच्या इंजिनिअरनं मुद्दाम बंद केलीय. मी पोलिसांत तक्रार देणार आहे. त्याआधी तुम्ही त्याला जरा बोलतं करा."

"त्यानंच केलं हे कशावरून?"

"मागच्या आठवड्यात, गुरुवारी त्यानं मोठी रजा मागितली. मी नाही म्हणालो. वाद झाला. शुक्रवारी संध्याकाळी तो सर्व्हरच्या खोलीत दार लावून बसला होता, आमच्या अकाउंट्सच्या बाईंनी पाहिलंय. शनिवारपासून माझी मेल बंद. मी त्याच्याकडून सगळे पासवर्ड आणि खोलीची किल्ली काढून घेतली."

हेतू, संधी आणि साक्षीदार, तिन्ही तयार. पोलीस ठाण्यात काही फिर्यादी असे आरोपी ठरवूनच येतात. त्यांना मी आधी बसायला खुर्ची आणि प्यायला पाणी द्यायचो. घाई तिथेच निम्मी उतरते. यांनाही म्हटलं, "तक्रार दोन दिवस थांबवा." कारण तो मुलगा एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरी असेपर्यंतच्या परवान्यावर होता. तक्रार झाली की नोकरी जाणार, नोकरीबरोबर पास जाणार, आणि कपाळावर शिक्का घेऊन तो घरी परतणार.

सोमवारी एमआरटीनं, म्हणजे तिथल्या मेट्रोनं, सेम्बावांगला गेलो. इंजिनिअर तिशीतला, पुण्याचाच. मालकाच्या केबिनशेजारी कुणी मोकळं बोलत नाही, म्हणून त्याला जवळच्या हॉकर सेंटरला, खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात नेलं. चहा घेतला.

"मी काहीही केलेलं नाही, सर," तो बसता बसताच म्हणाला.

"त्या शुक्रवारी दार लावून काय करत होतास?"

"ते खासगी आहे."

एवढं बोलून तो गप्प झाला. गप्प बसण्याच्या तऱ्हा मी पुष्कळ पाहिल्या आहेत. लपवणारा माणूस सहसा फार वेळ गप्प राहत नाही, न विचारलेलंही सांगू लागतो. हा नुसता कपाकडे बघत राहिला. मी विषय सोडला आणि पुण्यात घर कुठे, घरी कोण कोण, असं विचारू लागलो. हळूहळू त्याचा आवाज सैल झाला.

"बायकोला आठवा महिना आहे, काका. डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलंय. शुक्रवारी तिचा दवाखान्याचा दिवस होता. त्या खोलीत कुणी येत नाही, म्हणून कॉलिंग कार्डवरून तिथूनच फोन करत होतो. ती रडत होती."

"मग रजेचं कारण मालकांना सांगायचं होतंस."

"त्यांनी कारण ऐकायच्या आधीच नाही म्हटलं. नंतर सांगणं म्हणजे हात पसरल्यासारखं झालं असतं."

"आणि वेबमेल?"

"ऑफिसमधून बघितली, उघडते. पुढे तपासणार, तर किल्लीच काढून घेतली."

ऑफिसमधून उघडते, हे वाक्य मी मनात टिपून ठेवलं.

परत आल्यावर एकेकाला वेगळं बसवून विचारलं. सगळ्यांना एकत्र विचारलं की पहिल्याचंच उत्तर बाकीचे देतात. गोदीत फिरणारा एक तमिळ विक्रेता होता. त्यानं दार लोटून घेऊन हळूच सांगितलं, की त्याचीही मेल बाहेरून उघडत नाही. आपणच पासवर्ड विसरलो असं वाटून तो लाजेखातर बोलला नव्हता. सहकाऱ्याला फोन करून मेल वाचून घेत होता. म्हणजे मेल एकट्या मालकांवर रुसली नव्हती. आत बसलेल्या प्रत्येकाची उघडत होती, बाहेरच्या कुणाचीच नाही.

मग मालकांना विचारलं, "शेवटची कधी उघडली?"

"त्या गुरुवारी रात्री, घरून."

"त्या शुक्रवारी ऑफिसात बाहेरचं कोण आलं होतं?"

ते आठवू लागले. अकाउंट्सच्या चिनी बाईंनी मात्र त्यांच्या इंग्रजीत चटकन उत्तर दिलं. "इंटरनेट कंपनी पीपल कम, चेंज द बॉक्स. बॉस वॉन्ट फास्टर लाइन, लाह."

बाईंच्या मागच्या कपाटावर ते नवं राउटर लुकलुकत होतं. शुक्रवारी दिवसभर गोदीत असलेल्या इंजिनिअरला ते बदललेलं कुणी सांगितलंच नव्हतं. त्याच्याकडे बघितलं तर त्यानं कपाळाला हात लावला होता.

"बाहेरून आलेली विनंती सर्व्हरकडे पाठवायची, हे जुन्या राउटरला सांगून ठेवलं होतं," तो म्हणाला. "नव्याला कुणी सांगितलेलंच नाही. मेल येत होती, कारण ती सर्व्हर स्वतः बाहेर जाऊन आणतो. म्हणून कुणाला शंका आली नाही."

मालकांनी पासवर्ड आणि किल्ली दिली. तो कामाला बसला तेव्हा मी मालकांना बाजूला घेऊन रजेचं कारण सांगितलं. इंजिनिअरनं थोडा वेळ काम केलं आणि बाहेरून कुणाला तरी बघायला सांगा म्हणाला. मी मुलीला फोन लावून वेबमेलचा पत्ता सांगितला.

"बाबा, पान आलं. पासवर्ड मागतंय," ती म्हणाली.

मालक खुर्चीत मागे टेकले. मग इंजिनिअरला म्हणाले, "किल्ली तुझ्याकडेच ठेव. बायकोचं काकांनी मला आत्ता सांगितलं. अरे, मला बोलायचं होतंस."

"तुम्ही विचारलं नव्हतं, सर," तो शांतपणे म्हणाला.

 मालकांनी रजा तिथल्या तिथे दिली, बाळंतपण होईपर्यंतची.

आमच्याकडे तपासाअंती गुन्हा घडलाच नाही, नुसता गैरसमज होता असं निघालं, की 'क समरी'चा अहवाल जातो आणि फाइल बंद होते. त्यासाठी बक्षीस मिळत नाही, वर्तमानपत्रात फोटोही येत नाही. पण 'कोणी केलं' या प्रश्नाआधी 'नेमकं काय झालं' हे विचारलं, तर एखाद्याचं घर वाचतं, हे त्या दिवशी मला पुन्हा पटलं. जो माणूस दुरुस्ती करू शकत होता, त्यालाच संशयापायी बाहेर ठेवलं होतं.

संध्याकाळी संशयित आरोपी स्वतः मला स्टेशनपर्यंत सोडायला आला. वाटेत त्यानं पुण्याला फोन लावला आणि भर रस्त्यात, मोठ्या आवाजात बायकोला सांगितलं, "येतोय मी." सबंध नोकरीत कुठल्या कबुलीजबाबानं मला एवढं समाधान दिलं नव्हतं.