सात गाठींची चिंधी

"हा लकवा नाही, हायपोग्लायसेमिया आहे," भालकीच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. हायपोग्लायसेमिया म्हणजे रक्तातली साखर एकदम खाली जाणं. यंत्रावर आकडा आला होता एकतीस. अक्का खाटेवर घामानं ओलीचिंब पडली होती. डोळे उघडे, पण ओळख काही दिसेना.

अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. वय पंच्याहत्तरच्या आसपास. नवरा गेल्यापासून आमच्याच गल्लीत एकटी राहते, लेक उदगीरला दिली आहे. त्या दिवशी मंगळवार होता. सकाळी दहाला मी तिच्याकडं डोकावले तर ती चुलीपुढं बसून काहीबाही बरळत होती अन् हातातला तवा सोडत नव्हती. शेजारपाजारचे म्हणाले, अंगावरून वारं गेलं, तेल लावून चोळू. मी कोणाचं ऐकलं नाही, जीप बोलावली अन् तिला घेऊन आले. एवढ्या एका गोष्टीचं श्रेय मी घेते. बाकीचं पुढं ऐका.

डॉक्टरांनी विचारलं, ह्यांना शुगरची कोणती गोळी चालू आहे? मी म्हणाले, शुगर नाहीच, फक्त बीपी. छातीठोकपणे म्हणाले. तिला कोणती गोळी चालू आहे हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? गोळ्या तर मीच देते.

आमच्या गावात एकटी राहणारी म्हातारी माणसं वाढत चालली आहेत. पोरं पुण्याला, हैदराबादला. महिन्यातून एकदा उपकेंद्राच्या सिस्टर समाजमंदिरात येतात, बीपी-शुगर तपासतात अन् महिन्याच्या गोळ्या देतात. पण पट्टीतून गोळी दाबून काढायला म्हाताऱ्या बोटांत जोर नसतो, अन् आजची घेतली की नाही हेही ध्यानात राहत नाही. मी जन्मभर अंगणवाडीत मदतनीस होते, मला रिकामं बसवत नाही. मी डोकं लढवलं अन् सगळ्यांच्या पट्ट्या माझ्याकडं एकत्र ठेवायला लागले. जुन्या लुगड्याची चिंधी फाडायची, तिला सात गाठी मारायच्या, एकेका गाठीत एकेक गोळी. बीपीला हिरवी चिंधी, शुगरला लाल. रोज सकाळी एक गाठ सोडायची. सुटलेली गाठ हाताला लागली की डोळ्यांनी दिसत नसलं तरी कळतं, आजची घेतली. दर सोमवारी तेरा जणांच्या चिंध्या बांधून मी घरोघर पोचवत असे. लोक मला डॉक्टरीणबाई म्हणायला लागले. चेष्टेतच म्हणत, पण मला ते गोड लागायचं, खोटं कशाला बोलू.

डॉक्टर म्हणाले, गोळी दाखवा. अक्काच्या कनवटीला हिरवी चिंधी होती, सहा गाठी शिल्लक. त्यांनी एक सोडली, गोळी उजेडात धरली, मग कपाटातून एक पट्टी काढून तिच्याशेजारी ठेवली. दोन्ही गोळ्या तंतोतंत एक.

"ही ग्लिमेपिराइड आहे. शुगर खाली आणणारी," ते म्हणाले. "पट्टीतून कोणी काढली?"

मी म्हणाले, "मीच."

ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की, पट्टीतून निघाली की गोळीचं नाव पट्टीवरच राहतं. मग समजावून सांगितलं. ह्या गोळीचा असर दिवसभर, कधी जास्तही राहतो. म्हाताऱ्या माणसाची किडनी तिला लवकर बाहेर टाकत नाही. सलाईनमधून साखर देऊ, आकडा वर येईल, पुन्हा घसरेल. उद्यापर्यंत काही सांगता येत नाही, नाही जमलं तर बीदरला हलवावं लागेल.

त्या महिन्यात बीपीच्या गोळ्या दुसऱ्या कंपनीच्या आल्या होत्या, शुगरच्या गोळीएवढ्याच, त्याच रंगाच्या. सोमवारी मी शेजारणीशी तिच्या लेकीच्या सोयरिकीचं बोलत बोलत एकेक पट्टी ताटलीत रिकामी केली, अन् बीपीची समजून शुगरची एक पट्टी हिरव्या चिंधीला गेली. करायला गेले काय अन् झालं काय!

अन् तेवढ्यात मला पट्टी आठवली. पट्टी असते दहाची. अक्काच्या सात गाठी झाल्यावर तीन गोळ्या उरल्या होत्या. त्या मी पुढच्या चिंधीत घातल्या होत्या, अन् पुढची चिंधी मारुतीअण्णाची होती, तीही बीपीचीच.

मारुतीअण्णा धनगराघरचा, सत्तरीच्या पुढचा. शेतातल्या पत्र्याच्या शेडात शेळ्या घेऊन एकटाच राहतो. त्याच्या सात गाठींपैकी कोणत्या तीन चुकीच्या हे मलाही सांगता येईना. फोन लावला तर बंद. आता सिस्टरना सांगून त्यांना शेतात पाठवणं एवढंच उरलं होतं.

अन् मी फोन हातात धरून बसून राहिले. चांगली पंधरा मिनिटं. गाव काय म्हणेल, सिस्टरची नोकरी जाईल का, पुन्हा कोणी दारात उभं करेल का, असलं सगळं डोक्यात. तिकडं एक माणूस मरत असेल अन् मी इथं माझी अब्रू सांभाळत होते. ही पंधरा मिनिटं मी कोणाला सांगितली नव्हती, आज लिहिते आहे.

शेवटी फोन लावला. सिस्टर एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत, त्यांनी यंत्र घेतलं अन् स्कूटीवर निघाल्या.

इकडं अर्ध्या अर्ध्या तासाला अक्काच्या बोटाला सुई. एकशेचाळीस. मग बासष्ट. मग अठ्ठेचाळीस, अन् पुन्हा घाम. एकदा तिनं माझ्याकडं बघून आई म्हणून हाक मारली. मी व्हय म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

चार वाजता सिस्टरचा फोन आला. अण्णा बाजेवर पडून होता, धडधाकट. शुगर बरोबर. खुंटीला माझ्या नऊ चिंध्या टांगलेल्या, एकाही गाठीला हात लावलेला नाही. सिस्टरनी विचारलं तर म्हणाला, "आज काय दुखत न्हाई की. दुखलं म्हंजे घ्यायच्या म्हणून ठिवल्यात." मी कधी जुन्या चिंध्या परत मागितल्याच नव्हत्या. त्याचं बीपी मात्र दोनशेच्या वर होतं. डोकं दुखायला लागलं असतं तर त्यानं एका वेळी किती गाठी सोडल्या असत्या, हे मी अजून मोजत बसते.

अक्काचा आकडा दुसऱ्या दिवशी दुपारी स्थिरावला, तिसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो. त्या डॉक्टरांचे अन् सिस्टरचे उपकार फिटायचे नाहीत. तुमच्या गावातही कोणी माझ्यासारखी हौशी बाई असेल, तिला माझं सांगा. गोळी पट्टीतून काढू नका, कागदासकट कापून द्या, नाव दिसू द्या. अन् दिलेली गोळी पोटात गेली का, ते बघून या.

पुढच्या सोमवारी मी तेराही जणांना समाजमंदिरात बोलावलं. मारुतीअण्णासुद्धा आला. मी उभी राहिले अन् माझी चूक सगळी सांगितली, राखून ठेवली ती फक्त ती पंधरा मिनिटं.  त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी म्हणाले, इथून पुढं गोळी कोणाकडून तरी वाचून घेतल्याशिवाय तोंडात टाकायची नाही. सगळ्यांनी माना हलवल्या.

मग मी कागदासकट कापलेल्या गोळ्या वाटायला लागले. पहिली अक्का. तिनं तळहात पुढं केला अन् तोंड फिरवून दाराबाहेर बघत राहिली. मी विचारलं, अक्का, हातावर काय ठेवलं ते बघितलंस का?

"तू द्यायलीस न्हवं?" ती म्हणाली. "मग मी कामून बघू?"

तिच्यामागं बारा जण उभे होते, अन् सगळ्यांचे हात पुढं होते. मला दवाखान्यातसुद्धा एवढी भीती वाटली नव्हती.